मांजरांवरची हलकीफुलकी कडवी : कामाच्या नोंदी

४ मार्च

काम काय ते आधी लिहून ठेवतो. मांजरांवर चार-चार ओळींची कडवी करायची. प्रत्येकात मांजराची एक सवय, आणि तिच्यातून डोकावणारा एक माणूस. ऐकणारा हसला पाहिजे आणि शेवटच्या ओळीशी हसला पाहिजे. समजावून सांगितल्यावर हसला तर ते धरायचं नाही. सगळी कडवी उभी राहिली की चित्रं काढून घ्यायची.

वृत्त पादाकुलक घेतलंय. ओळीला १६ मात्रा (लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक, गुरू म्हणजे दीर्घ अक्षराच्या दोन), ८-८ च्या दोन तुकड्यांत. बडबडगीतं ऐकत वाढलेल्या कानाला हा ठेका शिकवावा लागत नाही.

पहिलं कडवं एका बैठकीत झालं :

चष्मा घालुन मनी बैसली
हाती घेउन पेपर ताजा
वाचुन म्हणते, काय जगाचा
वाजुन गेला पुरता बाजा!

मात्रा चोख, यमक चोख. घरात वाचून दाखवलं तर सगळे 'छान आहे' म्हणाले. विनोदी कवितेला कुणी छान म्हटलं की ती नापास समजावी.

७ मार्च

कालचा दिवस यमक बदलण्यात घालवला, काही उपयोग झाला नाही. दुखणं यमकात नव्हतंच. 'मनी'च्या जागी 'सुमी' घालून पाहिलं. मात्रा तेवढ्याच राहतात, अर्थही तोच राहतो. कुठल्याही सुमीला चष्मा लावून पेपर देता येतो, तिथे मांजर कशाला हवं? माणसाचे कपडे चढवले की मांजर आत उरतच नाही.

तेव्हा इथून पुढे प्रत्येक कडव्याला ही चाचणी : मांजराच्या जागी माणसाचं नाव घालायचं. कडवं तरीही नीट वाचलं गेलं तर ते फेकायचं.

मग पेपर आणि मांजर यांचं खरं नातं काय ते बघत बसलो. मांजर पेपर वाचत नाही, पेपरावर बसते. तेही कोऱ्या जागेवर नाही, आपण वाचत असतो नेमकं तिथेच. हे एकदा दिसल्यावर कडवं लवकर झालं :

पेपर उघडा, लगेच बैठक;
ज्या ओळीवर दृष्टी जाते
तिथेच येते पोट पसरुनी —
काटछाट हे हिचेच खाते!

चष्मा नाही, खुर्ची नाही. पहिल्या तीन ओळींत मांजर जे करते तेच आहे, माणूस फक्त 'खाते' या शब्दात येतो. 'सुमी' घालून पाहिलं. सुमी पेपरावर पोट पसरून बसत नाही. पास.

१० मार्च

वहीची पद्धत बदलली. आधी 'मनी लाडिक', 'बोका आळशी' असं लिहीत होतो. अशा विशेषणांतून एकही ओळ निघाली नाही. आता फक्त क्रियापदं लिहितो : हुंगते, मागे फिरते, पुन्हा हुंगते, बसते, कान मागे घेते, जांभई देते. 'आळशी' या शब्दाला तर काही अर्थच नाही. मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपतं हे खरं, पण पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची धावपळ बघितली की आळस आपला वाटायला लागतो.

१५ मार्च

हाक मारल्यावर न येणं. विषय सोपा वाटला म्हणून आधी घेतला आणि अडकलो. पहिल्या मसुद्यात मांजराला हाक कळतच नाही असं होतं. मग ते कडवं बहिऱ्या माणसावरचं होत होतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. शिवाय ते चूकही होतं. मांजराला आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखता येतं असं जपानमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रयोगाने दाखवलंय. प्रयोगातली मांजरं बहुतेक वेळा कान किंवा डोकं हलवून थांबत. उठून येत नसत.

म्हणजे हाक पोचते, दखलही घेतली जाते, पुढे मात्र काही घडत नाही. हा माणूस आपण सगळ्यांनी खिडकीपलीकडे बसलेला पाहिलाय.

हाक ऐकली, कान हालला,
मान न वळली, शेपुट फिरले;
अर्ज पोचला, नोंद जाहली,
येणे केव्हा? — नाही ठरले.

दुसऱ्या ओळीत आधी 'शेपुट हलले' होतं. 'हलले–ठरले' कागदावर यमक दिसतं, पण मोठ्याने म्हटलं की कान फसत नाही. नुसता 'ले' जुळणं हे मराठीतलं फुकटचं यमक आहे, अर्धी क्रियापदं त्यात बसतात. त्याच्या आधीचं अक्षर जुळवायलाच हवं. 'फिरले' आल्यावर ओळ घट्ट झाली. 'जाहली' जुनाट आहे हे कळतं, पण दफ्तरी भाषेच्या थट्टेत ते खपतं.

२२ मार्च

बदल म्हणून भुजंगप्रयात. ओळीत १२ अक्षरं, लगागा (लघु-गुरू-गुरू) चार वेळा. या वृत्ताची चाल संथ आणि भारदस्त, त्यामुळे मांजर आल्याबरोबर मजा येईल असा हिशेब होता.

बसे एक बोका तिरंगी उशाशी,
दुपारी पिळे तो मिशी ती जराशी;

'तिरंगी' हा शब्द लगागात इतका आपोआप बसला की मी मांजराचा रंग वृत्ताला विचारून ठरवला. पुढच्या दोन ओळींत बोकोबा पाटीलकी गाजवत होते. पूर्ण कडवं करून, घासूनपुसून, आत्याला फोनवर ऐकवलं. तिच्याकडे कितीतरी वर्षं मांजरं आहेत. ती मध्येच म्हणाली, "अरे, तिरंगी म्हणजे मांजरीच असते. तुला बोका कुठे भेटला?"

तिचं बरोबर होतं. केशरी की काळा, हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. दोन्ही रंग एकाच अंगावर यायचे तर सहसा दोन एक्स लागतात, म्हणजे मादी. तिरंगी बोका अगदी क्वचित जन्मतो, बहुधा एक एक्स जादा घेऊन, आणि त्याला सहसा पिल्लं होत नाहीत. मांजरं पाळणारा वाचक पहिल्याच ओळीला पुस्तक मिटेल.

'बोका'च्या जागी 'बाई' घालणं सोपं, दोन्ही गुरू-गुरू. पण 'तो'ची 'ती' झाली, पाटीलकी गेली, आणि मिशी पिळणं तर तसंही चाचणीत नापास होतं. मांजर मिशी पिळत नाही. सगळं उकलून पुन्हा विणायला आठवडा गेला.

२९ मार्च

उपाय त्याच अडचणीत सापडला. मिशा मांजरीलाही असतात. मग बाई आणि मिशा दोन्ही ठेवल्या, आणि मिशांचं खरं काम वहीत बघितलं : अरुंद फटीशी आधी तोंड, मग मिशा, मग क्षणभर थांबणं.

बसे एक बाई तिरंगी उशाशी,
मिशा लांब, त्याची न लज्जा जराशी;
फटीतून जाण्या मिशी माप घेते,
जमे माप तेव्हा पुढे पाय देते.

हसू दुसऱ्या ओळीशीच येतं, चौथीशी नाही. हे माझ्या नियमाबाहेर आहे. तरी ठेवतोय, कारण आत्या हसली, आणि तिला हसवणं सोपं नाही.

जाता जाता : 'ते मांजर' असं नपुंसकलिंगी लिहून पाहिलेली कडवी सगळी थंड पडली. 'ते बसले, ते उठले' म्हटलं की वस्तूबद्दल बोलल्यासारखं होतं. 'ती' किंवा 'तो' म्हटल्याशिवाय माणूस दिसत नाही.

३ एप्रिल

'म्याव' ओळीच्या शेवटी कधीही ठेवू नये. भाव, नाव, गाव, डाव, ताव, राव : यमकांची रांगच लागते आणि ऐकणारा आपल्या आधी पोचतो. बऱ्याच ओळी लिहिल्या, सगळ्या खोडल्या.

म्यावचा विषय मात्र चांगला होता. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी फारशी म्याव करत नाहीत, तो आवाज मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवतात. आपसात मुकी आणि आपल्यापुढे वक्ती. पण हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक नसेल तर कडव्यातला विनोद कळत नाही, आणि आधी सांगितलं तर तो उरत नाही. प्रस्तावना लागणारं कडवं बाद.

दुधाचंही तेच झालं. डोळे मिटून दूध पिणारी मांजर म्हणीत कितीही शोभली तरी बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, मग कडव्यातून ते पाजत सुटणं बरं नव्हे. शिवाय मी 'जिभेचा चमचा' असं लिहिलं होतं. मांजर चमचा करत नाही. जिभेचं टोक द्रवाला नुसतं टेकवते आणि झटक्यात वर ओढते. जिभेमागून द्रवाचा उभा धागा चढतो आणि तो तुटायच्या आत तोंड मिटते. हे सेकंदाला साधारण चार वेळा होतं. वेगवान कॅमेऱ्याने टिपलेला हा सगळा प्रकार २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. बघायला विलक्षण आहे, पण त्यात माणूस कुठेच नाही. सोडून दिलं.

९ एप्रिल

गाल घासणं. पादाकुलकात लिहिलेलं कडवं फार गोड होत होतं : मनी आली, पायाला बिलगली, आम्ही विरघळलो. मांजराच्या गालांत गंधग्रंथी असतात आणि घासून ती आपला वास वस्तूंना लावते. त्यात आपुलकी असेल, पण खुर्चीच्या पायालाही तोच मान मिळतो, हे विसरून चालणार नाही.

गोडवा काढायला साचाच बदलला. अभंगाचा देवद्वार छंद घेतला : अक्षरं ६-६-६-४, दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याला यमक. इथे मात्रा मोजायच्या नाहीत, फक्त अक्षरं. सरळ, निष्पाप सूर, आणि आत मालमत्तेची नोंद :

गाल घासूनिया । मारते ती शिक्का ।
दाखला तो पक्का । मालकीचा ॥
टेबल नि खुर्ची । दाराचाही खांब ।
उभा मीही लांब । रांगेमध्ये ॥

संग्रहातलं माझं आवडतं. पहिल्या कडव्यावर कुणी हसत नाही, दुसऱ्याच्या 'मीही'वर सगळे हसतात. म्हणताना 'लांब'पाशी जरा थांबायचं.

१६ एप्रिल

उडी. सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली. मांजर हवेत पलटून चार पायांवर उतरतं यावर दोन कडवी रचली. फ्रेंच शास्त्रज्ञ एटिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये पडत्या मांजराची क्रमवार छायाचित्रं घेतली, तेव्हापासून शास्त्रज्ञ त्यावर डोकं खाजवतायत. पण ही झाली मांजराची कसरत. माणूस काही हवेत पलटत नाही. माणूस दिसतो तो नंतर, उडी फसल्यावर, जेव्हा मांजर काही झालंच नाही अशा थाटात अंग चाटायला बसतं.

उडी हुकुनिया धपकन पडली,
उठली, बसली, चाटी पाय;
जणू ठरविले होते तैसे —
'तुम्ही एवढे बघता काय?'

चौथी ओळ आधी सुचली होती, बाकीच्या तीन तिच्यासाठी रचल्या. हा क्रम उलटा वाटतो, पण कामाचा आहे. पहिल्या ओळीपासून निघालं की चौथीला जे यमक उरेल ते घ्यावं लागतं, आणि विनोद उरलेल्या यमकावर बसत नाही.

(सम ओळी १५ मात्रांच्या आहेत. 'पाय', 'काय' म्हणताना शेवट लांबतो, त्यात एक मात्रा भरून निघते. 'तुम्ही'तला 'तु' जोडाक्षराआधी असला तरी त्यावर आघात येत नाही, तो लघूच धरायचा.)

१९ एप्रिल

भाचीला उडीचं कडवं म्हणून दाखवलं. हसण्याऐवजी ती म्हणाली, "मामा, तिला लागलं का रे?" सगळा दोष 'धपकन'चा. आवाज ऐकू आला की दुखापत दिसते, आणि दुखापत दिसली की फजितीवर हसता येत नाही.

तीच ओळ दुरुस्त करायला बसलो तर दुसराही रोग नजरेत आला. 'हुकुनिया', 'ठरविले', 'तैसे', 'चाटी' : मात्रा कमी पडली की मी जुन्या भाषेतून उसनी आणतोय. चार ओळींत इतकी उसनवारी म्हणजे जिवंत मांजर पोथीत बसवल्यासारखं. आजच्या बोलण्यातल्या शब्दांनीच १६ भरायच्या, असं ठरवून पुन्हा लिहिलं :

उडी जराशी हुकली, पडली,
उठली, बसली चाटत पाय;
जणू ठरवुनच केले सारे —
'तुम्ही एवढे बघता काय?'

'जराशी'ने दोन्ही कामं केली. उडी थोडक्यात हुकली म्हणजे लागलं नसणार, आणि मात्राही पुरल्या. हुकली-पडली-उठली-बसली ही माळ ठरवून केलेली नाही, पण आता ती काढली तर कडवं लंगडेल. भाचीने चौथी ओळ माझ्याआधी म्हटली.

मग मागची सगळी कडवी तपासली. पेपरवाल्यात 'तिथेच येते पोट पसरुनी' होतं, ते 'तिथेच येउन पोट पसरते' केलं. अभंगातलं 'घासूनिया' ठेवलं, तिथे ते परकं वाटत नाही.

२५ एप्रिल

दाराचं कडवं. यावेळी शेवटच्या ओळीपासूनच निघालो, आणि चहा निवायच्या आत झालं :

दार लावले — ओरड चालू,
दार उघडले — बसली दारी;
आत नको अन् बाहेर नको —
निर्णय म्हणजे जबाबदारी!

'जबाबदारी' एकटाच ८ मात्रांचा अर्धा तुकडा भरतो. लांब शब्द असा शेवटी एकटा पडला की आपोआप गंमत येते. तिसऱ्या ओळीत एकदा 'आत न जाई, बाहेर न येई' केलं होतं; ती १८ मात्रांची होते आणि ठेका तुटतो. बोलीतलं 'नको' दोनदा आलं तरी चालतं, मांजर एकदाच नको म्हणत नाही.

यात एकही दुरुस्ती करावी लागली नाही. याचा अर्थ काय ते माहीत नाही, पुढचं कडवं याच पद्धतीने लिहायला घेतलं आणि ते पार कोसळलं (पिल्लांवरचं होतं. पिल्लं सगळं गोड करून टाकतात. विषय बंद.)

४ मे

सगळी कडवी एका दमात, अनोळखी लोकांपुढे म्हटली. दोन गोष्टी कळल्या. एक, पेपर आणि हाक ही दोन्ही लागोपाठ नकोत. दोन्हीत कचेरीच आहे, त्यामुळे दुसरीवर हसू निम्मं होतं. मध्ये उडी घातली. दुसरी, भुजंगप्रयात सुरुवातीला नको. कान पादाकुलकाला सरावला की मगच त्या संथ चालीची गंमत कळते. अभंग शेवटी.

एका गृहस्थांनी विचारलं, "अहो, यातला माणूस नेहमी वरिष्ठच का?" प्रश्न रास्त आहे. काटछाट करणारी, अर्ज दाबून ठेवणारा, शिक्का मारणारी : सगळे अधिकारावरचे. बहुधा मी ज्या बाजूला बसतो तिथून तसंच दिसतं. दार आणि उडी तेवढी सुटली.

११ मे

पहाटेचं कडवं अजून अडकलंय. मांजर पहाटे जागं होतं आणि आपल्याला उठवतं, इतकं ओळखीचं दृश्य सोडवत नाही :

पहाट फुटली, छातीवरती
चार किलोंची बसली माया;
डोळे मिटले, श्वास रोखला —
सोंग आपले जाते वाया.

दुसरी ओळ मला आवडते, चौथी नाही. मात्रा बरोबर, यमक बरोबर, पण शेवटी सोंग माणसाचं आहे आणि मांजर दुसऱ्या ओळीतच राहिलंय. चौथीत ते परत यायला हवं, काहीतरी करताना. पंजा नाकावर ठेवणं, मिशा गालाला लावणं, नुसतं टक लावून बघणं, तिन्ही घालून पाहिलं. 'माया'शी जुळणारे काया, छाया, पाया यांतला एकही शब्द त्या कामाला येत नाही. 'दया' बसवावंसं फार वाटलं, पण तिथला 'द' ऱ्हस्व.

'माया' काढली तर कडवंच जातं. बाकीची चित्रांसाठी उद्या पाठवतोय, हे वहीत ठेवतो.